मेहुण्याचं कुलूप

सत्तावीस वर्षं मी लिफ्टची कामं करतो आहे. लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून उमेदीची वर्षं घातली, आणि पन्नाशीच्या तोंडावर मलाच बारा पायऱ्या चढायला लावलं. हा विनोद मी दारू सोडणाऱ्यांच्या गटात पहिल्याच रविवारी केला होता. कुणी हसलं नाही. नंतर कळलं की माझ्या आधी तिथे एक गवंडी यायचा आणि तो हाच विनोद दर आठवड्याला करायचा.

गट रविवारी सकाळी सात वाजता एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात भरतो. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात आतलं दिसावं म्हणून मधोमध कापलेलं इंजिन, आणि पंधरा खुर्च्या. नऊ वाजता शिकाऊ मंडळी येतात, तोवर वर्ग आमचा. स्कूलचे मालक स्वतःच गाडी शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी सोळा वर्षांत थेंब घेतलेला नाही. मला तिथे यकृताच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं आणि बायकोने दारापर्यंत आणून सोडलं होतं. माझं स्वतःचं कर्तृत्व म्हणाल तर जिन्यातून परत पळालो नाही, एवढंच.

मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. देव मी मानत नाही. दारू सुरू व्हायच्या आधीपासून मानत नाही, त्यामुळे हा दोष तरी दारूच्या माथी मारू नये. आणि मी ऐकून होतो की या बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारू सोडायच्या बारा टप्प्यांपैकी, निम्म्यांवर देव बसलेला असतो. म्हणून खुर्चीत टेकता टेकताच मी सांगून टाकलं, "मला वरून कुणी धरलेलं नाही. लिफ्टला काय धरून ठेवतं ते मला माहीत आहे. पोलादी दोर, स्प्रिंगचा ब्रेक, आणि दोर तुटलेच तर केबिनखालचे, रुळांना पकडणारे जबडे. त्यात चमत्कार कुठेही नाही."

"बरं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

बाराही पायऱ्या कागदावर टाइप केलेल्या होत्या, पण जिथे जिथे देव यायला हवा तिथे नुसती टिंबं होती. टाइप करणाऱ्या आजी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. कोर्टात टायपिस्ट होत्या, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "टिंबांवर तुमचं तुम्ही भरायचं. पेन्सिलीने. बदलावंसं वाटलं तर खोडता आलं पाहिजे."

"काय भरायचं?"

"तुमच्यापेक्षा मोठं असेल आणि ज्याच्यावर भार टाकता येईल असं काहीही. फक्त खोटं भरायचं नाही."

समोर एक दातांची डॉक्टर बसली होती. हातात ड्रिल धरल्यावर हात कापायला लागला तेव्हा ती इथे आली. तिने टिंबांवर 'नऊ वाजणे' असं लिहिलं होतं. तिचं म्हणणं, नऊला पहिला पेशंट येतो, आणि ती शुद्धीवर असो की नसो, नऊ वाजतातच. मास्तरांच्या कागदावर 'या पंधरा खुर्च्या' असं होतं. आजींनी इतक्या वेळा लिहून खोडलं होतं की कागदाला भोकच पडलं होतं. त्या भोकातून मला रस्त्याच्या खुणांचा तक्ता दिसला.

मी कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि मनात म्हणालो, चांगली शेंडी लावतायत.

पण दारू सुटली. एका दमात नाही, दोनदा घसरून मग सुटली. आणि मग जे व्हायला लागलं त्याला मी अजूनही तोंडात बोट घालतो. सकाळी जाग आल्यावर कालचं आठवायचं. सगळं आठवायचं. स्क्रू हातातून पडला तर कुठे पडला ते कळायचं. बायकोच्या पावलांचा आवाज जिन्यात आला की बाटली लपवायला धावायचो नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण एखादी साधी सकाळ इतकी लांब असते हे मला माहीतच नव्हतं. मी खिडकीत चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळताना बघत राहायचो. बायको म्हणायची, "काय बघताय एवढं?" मी म्हणायचो, "कपडे."

आजींचंही मला कोडंच होतं. त्या इमारतीला लिफ्ट नाही, ही गोष्ट मला रविवारी सकाळी सात वाजता फार लागते. आजी दोन जिने चढून येतात, प्रत्येक मजल्यावर थांबत. बावीस वर्षांत त्यांनी घेतलेली नाही, आणि पंधरा वर्षांत घ्यावीशीही वाटलेली नाही, असं त्याच सांगतात. एकदा मी विचारलं, "मग येता कशाला?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा खोली रिकामी असती तर काय केलं असतंत?"

"आनंदाने घरी गेलो असतो."

"म्हणून येते."

 मी लिफ्टवाला माणूस, काय कशाला टांगलेलं आहे ते बघायची मला सवय. ही बाई मला ओळखत नव्हती तेव्हापासून माझ्यासाठी जिने चढत होती. अंगावर काटा आला, आणि तो मी कुणाला दाखवला नाही.

खिशातल्या कागदावरची टिंबं मात्र अकरा महिने तशीच राहिली. कारण मी चौथ्या पायरीवर अडकलो होतो. चौथी पायरी म्हणजे आपण कुणाचं काय वाईट केलं ते न घाबरता लिहून काढायचं. मी नऊ पानं लिहिली. लग्नात केलेला तमाशा, आईच्या आजारपणात गायब झालो ते, बायकोला कितीदा फसवलं ते. सगळं लिहिलं, आणि एक गोष्ट सोडून दिली. पाचव्या पायरीला हे सगळं एका माणसाला वाचून दाखवायचं असतं. मी मास्तरांना त्यांच्या शिकवणीच्या गाडीत वाचून दाखवलं. गाडी उभी, इंजिन बंद, मी शिकाऊच्या जागेवर. मला गाडी येत नाही. नऊ पानं संपल्यावर मास्तर म्हणाले, "छान. आता दहावं पान."

"दहावं नाहीये."

"मग वाचताना तुम्ही सारखे डाव्या हाताची दोन बोटं का चोळत होतात?"

तेव्हा मी सांगितलं.

आमच्या कामात एक नियम आहे. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून जाते तिथे, काम करायचं असेल तर आधी वरच्या मशीन रूममध्ये मेन स्विच खाली करायचा. मग जितकी माणसं कामावर, तितक्यांनी आपापलं कुलूप त्या स्विचच्या कडीला लावायचं. किल्ली आपल्या गळ्यात. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग इमारतीत आग लागो. नवं कुलूप मिळतं तेव्हा त्याच्या दोन किल्ल्या येतात. दुसरी किल्ली त्याच दिवशी साहेबांसमोर पकडीने तोडायची, म्हणजे जगात त्या कुलपाची किल्ली एकच राहते. ज्याचा जीव खाली, त्याचीच किल्ली.

माझ्याबरोबर माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला या धंद्यात आणलं. हात इतका हलका की त्याने दोर तपासला की मी पुन्हा बघायचो नाही. फक्त एक खोड होती, किल्ल्या हरवायच्या. म्हणून नवं कुलूप मिळालं तेव्हा त्याने साहेबांसमोर भलतीच एक जुनी किल्ली तोडली आणि खरी दुसरी किल्ली माझ्याकडे दिली. "दाजी, तुमच्याकडे राहू दे. घरातल्या घरात." आम्ही दोघंही हसलो होतो.

तीन वर्षांपूर्वी, एका ऑफिसच्या नऊ मजली इमारतीत, भर दुपारी. मेहुणा केबिनच्या डोक्यावर उभा राहून चाकावरचा दोर साफ करत होता. मी वर मशीन रूममध्ये. दोन कुलपं लागलेली. आणखी एक नियम असा की खालचा माणूस फोनवर जे सांगेल ते वरच्याने पुन्हा म्हणायचं आणि मगच करायचं. त्याने सांगितलं, "अजून दहा मिनिटं." मी म्हणालो, "अजून दहा मिनिटं." मग मी बसून राहिलो. माझी पिशवी खाली तळमजल्यावर होती आणि बाटली पिशवीत होती. निम्मी पोटात होती. किती मिनिटं झाली माहीत नाही, पण मी ठरवलं की दहा झाली. त्याने 'चालू करा' म्हटलेलं नव्हतं. मी माझं कुलूप काढलं, खिशातून त्याची किल्ली काढली, त्याचं कुलूप काढलं, आणि स्विच वर केला.

वीज आली की ती लिफ्ट आधी आपली जागा शोधायला तळमजल्याकडे निघते. ती फूटभर सरकली. तेवढ्यात त्याचा डावा हात दोर आणि चाकाच्या मध्ये गेला. उजव्या हाताने त्याने केबिनवरचं, लिफ्ट थांबवायचं लाल बटण दाबलं म्हणून फूटभरच. दोन बोटं गेली.

साहेबांनी विचारलं तेव्हा तो स्ट्रेचरवर होता. तो म्हणाला, "कुलूप मी लावलंच नव्हतं. माझीच चूक." त्याचा शाफ्टमध्ये उतरायचा परवाना काढून घेतला आणि त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, नट-बोल्ट द्यायला. मी कामावर राहिलो. दारूही राहिली, पुढची दोन वर्षं.

आणि याहून वाईट गोष्ट घरात होत होती. माझी बायको, त्याची ताई, तो घरी आला की त्याला झापायची. तिने त्याला लहानाचा मोठा केलेला. "एक कुलूप लावायला काय झालं होतं तुला? इतकी वर्षं यांच्या हाताखाली शिकलास, एवढंही कळलं नाही?" तो मान खाली घालून जेवायचा. मीही त्याच टेबलावर जेवत असायचो. एकदा तर मी म्हणालो होतो, "जाऊ दे गं, झालं ते झालं." मोठ्या मनाने.

मास्तरांनी सगळं ऐकलं. गाडीच्या त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकाऊ चुकला तर दाबायला. त्यांचा पाय त्यावर होता, सवयीने. त्यांनी तो उचलून बाजूला घेतला. मग म्हणाले, "नववी पायरी काय सांगते?"

"ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करा. पण त्याने आणखी कुणाचं नुकसान होणार असेल तर नाही."

"मग आधी कुणाला विचारायला हवं?"

मेहुण्याला. कारण खोटं त्यानेही सांगितलं होतं, आणि किल्ली त्यानेही ठेवली होती. मी ऑफिसात जाऊन छाती बडवली असती तर तोही अडकला असता.

सोमवारी मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो. तो तीन बोटांच्या हाताने वॉशर वेगळे करत होता, अंगठा आणि शेवटची दोन. इतक्या सफाईने की मी बघतच राहिलो. तीन वर्षं मी त्या खिडकीतून सामान नेलं होतं आणि त्या हाताकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. मी त्याची दुसरी किल्ली फळीवर ठेवली. माझ्या हत्यारांच्या पेटीत, इन्सुलेशन टेपच्या गुंडाळीत ती तीन वर्षं होती.

तो किल्लीकडे बघत राहिला. "अजून ठेवलीत?"

"टाकायची हिंमत झाली नाही. मला साहेबांना खरं सांगायचंय. तू हो म्हणालास तर."

"आज का?"

मी पायऱ्यांबद्दल बोलायला लागलो. त्याने मला थांबवलं. "दाजी, ते तुमचं तुमच्यापाशी. मी का खोटं बोललो ते सांगू? ताईसाठी, हे तर आहेच. पण मला वाटलं, हे बघून तरी तुम्ही सोडाल. दोन बोटांत सुटतील, स्वस्तात आहे, असं वाटलं मला. स्ट्रेचरवर वाटलं." तो पुन्हा वॉशर निवडायला लागला. "तुम्ही त्याच संध्याकाळी प्यायलात. मला भेटायला आलात तेव्हा वास येत होता."

 मी फळीला धरून राहिलो. माफ कर म्हणायला आलो होतो, तो शब्द तोंडातून निघेना, आणि बरंच झालं.

"साहेबांना सांगा," तो म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होईल. पण ताईला आधी सांगा. ऑफिसचं मला काही नाही, पण तिचं बोलणं आता सोसत नाही." मग त्याने खणातून पक्कड काढून माझ्यापुढे ठेवली. "आणि ही तोडा. मला एका हाताने जमणार नाही."

मी किल्ली तोडली. ती जाड पितळेची होती, तुटायला वेळ लागला. तुकडे त्याने मोजल्यासारखे उचलले आणि खिशात टाकले.

त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने पूर्ण ऐकलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ती मला 'अहो, तुम्ही' म्हणते, भांडतानासुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं.

"तीन वर्षं मी त्याला बोलले," ती म्हणाली. "काय काय बोलले. आणि तू समोर बसून जेवत होतास."

ती भावाकडे गेली आणि एकोणीस दिवस तिथेच राहिली. एकोणीस दिवस मी त्या घरात एकटा होतो, आणि कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. मी गेलो नाही. का गेलो नाही ते मला आजही समजावून सांगता येणार नाही. रोज सकाळी दातांची डॉक्टर नऊला दहा कमी असताना फोन करायची, "आहात?" मी म्हणायचो, "आहे." ती फोन ठेवायची. एवढंच. आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. एखाद्या यंत्रात मला असं काही दिसलं असतं तर मी म्हणालो असतो, एवढ्याशा तारेवर एवढं वजन पेलत नाही.

विसाव्या दिवशी ती परत आली. माझ्याशी नीट बोलायला तिला पुढे बरेच महिने लागले, पण 'तुम्ही' परत आलं. भावाने तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, आणि मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार." माझा परवाना एका वर्षासाठी गेला. स्टोअरच्या खिडकीत आता मी बसणार होतो. मेहुण्याला दुसरी किल्ली ठेवल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि परवाना परत हवा असेल तर परीक्षा दे असं सांगितलं. परीक्षा म्हणजे केबिनच्या डोक्यावर उभं राहून पूर्ण तपासणी, मग वीज चालू करून केबिनमधून फेरी. परीक्षक बाहेरचे.

"मेन स्विचपाशी कोण हवंय तुला?" साहेबांनी विचारलं. कुणीही मिळालं असतं. आठ माणसं होती.

मेहुणा म्हणाला, "दाजी."

मी तिथेच उभा होतो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "त्यांच्याकडे परवाना नाही."

"स्विचपाशी उभं राहायला परवाना लागत नाही," मेहुणा म्हणाला. "परीक्षक असतीलच शेजारी."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, कशाला? मला नाही जमणार."

"मग माझंही राहू दे," तो म्हणाला. "तीन वर्षं रोज स्वप्नात मी खाली असतो आणि वर तुम्ही असता. दुसरा कुणी वर उभा राहिला तर ते स्वप्न जाणार कसं?"

आदल्या रविवारी मी हे गटात सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही, तिथे सल्ला देत नाहीत. फक्त निघताना जिन्यात आजींनी माझं मनगट धरलं, हात कापतोय का बघायला. "बरा आहे," त्या म्हणाल्या.

परीक्षेला तीच नऊ मजली इमारत, तीच लिफ्ट. तो योगायोग नव्हता, मेहुण्याने तीच मागितली होती. सकाळी दहाला आम्ही मशीन रूममध्ये चढलो. तेलाचा वास तोच होता. मेन स्विच खाली केला. मेहुण्याने आपलं नवं लाल कुलूप कडीला लावलं, किल्ली गळ्यात घातली. या कुलपाची दुसरी किल्ली त्याने साहेबांसमोर खरीखुरी तोडली होती. मी शेजारी माझं पिवळं लावलं. परीक्षक माझ्या मागे स्टुलावर वही घेऊन बसले. मेहुणा जिन्याने खाली गेला.

फोन वाजला. "केबिनवर चढलो. लाल बटण दाबलेलं आहे."

"केबिनवर चढलास. लाल बटण दाबलेलं आहे," मी म्हणालो.

मग चाळीस मिनिटं मला काहीही काम नव्हतं. माझं काम एवढंच होतं की काही करायचं नाही. शाफ्टमधून त्याचे आवाज येत होते. पाना लोखंडावर टेकल्याचा, कापडाने दोर पुसल्याचा, मध्येच त्याच्या गुणगुणण्याचा. तो गुणगुणत होता. माझ्या पायांखाली, अंधारात, आठ बोटांच्या जिवावर उभा राहून, वर मी आहे हे पक्कं माहीत असताना, तो माणूस गुणगुणत होता. माझा ऊर इतका भरून आला की मला वाटलं परीक्षकांना ऐकू जाईल.

मी समोर बघत होतो. समोर दोन कुलपं होती. पिवळ्याची किल्ली माझ्या गळ्यात होती, लाल कुलपाचं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी कितीही प्यायलो, कितीही ठरवलं की दहा मिनिटं झाली, कितीही घाई झाली, तरी ते कुलूप मला उघडता येणार नव्हतं. सत्तावीस वर्षं मी त्या कड्यांना कुलपं लावत आलो आणि मला कधी दिसलं नाही की या खोलीत माझ्यापेक्षा मोठं काही असेल तर ते हे आहे. ते मला अडवत होतं म्हणून खाली एक माणूस जिवंत होता. आणि मला अडवलं जाण्याची लाज वाटत नव्हती. हलकं वाटत होतं, पिसासारखं.

मी खिशातून कागद काढला. घड्या पडून तो चार ठिकाणी फाटायला आला होता. दोरांवर खूण करायची जाड पेन्सिल घेतली आणि टिंबांवर लिहिलं, 'मेहुण्याचं कुलूप'. टिंबं पुरली नाहीत, शेवटचं अक्षर कडेच्या बाहेर गेलं. परीक्षकांनी मान उंचावून विचारलं, "काय लिहिताय?"

"स्वतःसाठी आहे," मी म्हणालो.

काम संपल्यावर मेहुणा वर आला, घामाने निथळत. आपलं कुलूप काढायला लागला. डाव्या हातात कुलूप, उजव्यात किल्ली. नवं कुलूप घट्ट होतं, आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं नसल्याने ते हातातून निसटायचं. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले, घरचा माणूस शेजारी उभा आहे आणि हात लावत नाही. माझे हात शिवशिवत होते. मी ते पाठीमागे बांधले. तिसऱ्या वेळी कुलूप उघडलं. मेहुण्याने माझ्या पाठीमागच्या हातांकडे एक नजर टाकली आणि नऊ जिने उतरून गेला.

आता स्विचवर एकटं पिवळं कुलूप राहिलं.

खूप वेळाने फोन वाजला. "दाजी, मी केबिनमध्ये आहे. दार बंद. चालू करा."

मी फोन कानाशी घट्ट धरला. 

"तू केबिनमध्ये आहेस. दार बंद. चालू करतोय."

"हं."

मी माझं कुलूप काढलं आणि स्विच वर केला. केबिन आधीच तळमजल्यावर होती, त्यामुळे क्षणभर काही झालं नाही. मग ब्रेक सुटल्याचा आवाज आला, मोठं चाक हललं, दोर सरकायला लागले, आणि माझा मेहुणा तळमजल्यावरून माझ्याकडे वर येऊ लागला.